बांधावरचा वर्ग

तिसरीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी घाटावरची. डी.एड. झाल्यावर नेमणूक मिळाली ती थेट समुद्राकडे, सोपाऱ्याच्या पश्चिमेला, गासच्या पुढच्या एका गावात. शाळा गावाच्या अगदी कडेला होती. तिच्या एका अंगाला केळीच्या, पानवेलींच्या, मोगऱ्याच्या वाड्या. दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, खारं पाणी अडवणारा मातीचा लांब बांध आणि त्याच्या पलीकडे खाडी. वाड्यांतली मुलं बहुतेक ख्रिस्ती घरांतली, खाडीकडची हिंदू घरांतली. दोघांच्या घरच्या बोली वेगळ्या, आणि शाळेत माझी तिसरीच.

माझ्या बोलण्याचा मला फार अभिमान होता, कारण ते मी कमावलेलं होतं. डी.एड.च्या पहिल्या वर्षी मी तोंड उघडलं की बरोबरच्या मुली हसायच्या. मी आरशासमोर उभी राहून एकेक शब्द घोकला होता. दोन वर्षांत माझं बोलणं पुस्तकासारखं झालं. आपल्या वर्गातल्या मुलांचंही तसंच करायचं, असं मी ठरवूनच आले होते. मला जे सोसावं लागलं ते त्यांना लागू नये, असं मी स्वतःला सांगत असे.

वर्गात खाडीकडच्या पाड्यावरून येणारी एक मुलगी होती. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, पोटऱ्यांवर वाळलेल्या चिखलाच्या पांढुरक्या रेघा. त्या पाड्यावरची ती एकटीच तिसरीत होती. फार बडबडी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कोणाला ते खरं वाटलं नसतं. पहिल्याच आठवड्यात तिनं मला तिच्या शेळ्यांची नावं, त्यांच्या खोड्या आणि कोणती कधी व्याली हे सगळं सांगून टाकलं होतं.

श्रावणात शाळेची तपासणी व्हायची होती. साहेब मुलांकडून धडा वाचून घेतील म्हणून मी रोज वाचनाचा सराव घेत होते. त्या दिवशी तिची पाळी आली. धड्यात जागोजागी 'पाणी' हा शब्द होता. तिनं 'पानी' वाचलं.

"पाणी," मी म्हटलं.

"पानी."

"नीट ऐक. पा-णी."

"पा-नी."

वर्ग हसला. मी वर्गाला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. हसल्यावर सुधारेल, मीही तशीच सुधारले होते, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. मी तिला पुढे बोलावलं, फळ्याजवळ उभं केलं आणि म्हटलं, "वीस वेळा म्हण. बरोबर आलं की जागेवर जायचं."

मुलं आपणहून मोजायला लागली. प्रत्येक आकड्याला हशा. दहा-बारापर्यंत तिचा आवाज बारीक होत गेला. पंधराव्याला ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"मोठ्यानं," मी म्हटलं.

तेव्हा तिच्या पायांखालचा कोबा ओला झाला. ती ओल माझ्या चपलेपर्यंत आली. बांबूच्या तट्ट्यापलीकडे चौथीचा वर्ग पाढे म्हणत होता, ते पाढे मला एकदम फार मोठ्यानं ऐकू यायला लागले. मी तिला घरी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारलं. तिनं हात वर केला.

"हजर म्हण."

तिनं हात वरच ठेवला. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हनुवटीकडे बघत होती. त्या दिवसापासून शाळेत तिच्या तोंडून एक अक्षर आलं नाही.

आधी मला वाटलं, रुसली असेल. मग मला राग आला. मी तिला उभं केलं, मधल्या सुट्टीत बसवून ठेवलं, एकदा गोड बोलून लिमलेटची गोळीही दिली. गोळी तिनं मुठीत धरून ठेवली आणि ती तिथेच विरघळली. मी जवळ गेले की तिचे खांदे कानांपर्यंत चढत आणि श्वास थांबे. लिहायला सांगितलं की सगळं लिही. गणितं बरोबर सोडवी. बोलायचं म्हटलं की अंगाचं लाकूड होई. बाहेर जाऊ का, हे विचारता येत नाही म्हणून ती सकाळपासून घोटभरही काही पीत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं. ती उभी राहिली. पंख्याशिवायची ती खोली, बेचाळीस मुलं, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत.

"मुकी आहे का?" साहेबांनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीचे गृहस्थ, चौथी तेच शिकवत. गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही म्हणत असे.

"हट्टी आहे," मी म्हणाले.

भाद्रपदात तिची आई शाळेत आली. गवताचा भारा दाराशी उतरवून, विळा त्यात खोचून आत आली. "बाई, पोर सकाळी उठली का पोट धरून बसते. शाळेचं नाव काढलं का उलटी. इथं काय झालं काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

"घरी तर तोंड थांबत नाय तिचं."

"इथे बोलत नाही. तुम्हीच समजवा तिला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पाड्यावर म्हनतात, बाहेरचं कायतरी लागलंय. भगताकडे न्या म्हनतात."

मी समोरच्या वह्या पुन्हा पुढे ओढल्या. पुढच्या आठवड्यात मुलगी मनगटाला काळा दोरा बांधून आली. फरक पडला नाही, हे वेगळं सांगायला नको. त्या काळी आमच्याकडे मुलांच्या मनाला शब्दच नव्हता. ताप होता, खोकला होता, खरूज होती, आणि यात न बसणारं सगळं नाटक होतं. मी मात्र रोज सकाळी हजेरी घाईनं उरकायला लागले. तिचं नाव येण्याआधी मी भरभर वाचत जाई आणि तिचा हात वर दिसला की न थांबता पुढचं नाव घेई.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या खोलीचा एक वासा वाळवीनं पोखरलेला निघाला. कौलं उतरवून छप्पर दुरुस्त करायचं ठरलं. गुरुजींनी चौथीला व्हरांड्यात बसवलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही सावली बघून कुठेतरी बसा."

शाळेला लागून असलेल्या वाडीचे मालक एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांची नात माझ्याच वर्गात होती. बाबांनी वाडीतल्या आंब्याखालची जागा झाडून दिली. थोड्या अंतरावर त्यांची बावखल होती, म्हणजे झाडांना शिंपण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. काठावर हिरवं शेवाळ, त्यात बदकं.

मी काही ठरवून बाहेर शिकवायला लागले नाही. फळा नेता येईना, म्हणून केळीचा घड मोजला. एका फणीत किती केळी, घडाला किती फण्या, त्यावरून गुणाकार. तिसरीला भूगोलात आपला जिल्हा होता, तर आम्ही वाडीतून निघून रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि कोणती जमीन उंच, कोणती सखल हे पायांनी पाहिलं. पहिल्या दोन दिवसांत मला नुसती भीती वाटली. मुलं पळतील, गोंधळ घालतील, गुरुजी बघतील. मुलं पळाली नाहीत. नखं खाऊन बोटं सोलून घेणारा एकजण पानं गोळा करण्यात बोटं विसरला. रोज मारामारी करणारे दोघे एकच घड दोन टोकांनी धरून उभे होते.

आणि ती. चौथ्या दिवशी मी पाहिलं, तिचे खांदे खाली आले होते. पाचव्या दिवशी बाबांची नात आणि ती बदकांकडे बघत उकिडव्या बसल्या होत्या. तिचं तोंड नातीच्या कानाशी होतं आणि ओठ हलत होते. मी पटकन पाठ फिरवली. कोणीतरी झोपलेलं असावं आणि पाय न वाजवता खोलीतून निघावं तसं मी तिथून सरकले.

छप्पर तीन आठवड्यांत झालं. मी गुरुजींकडे गेले आणि म्हटलं, रोज दुपारपर्यंत बाहेर बसू द्या.

"का?"

खरं कारण सांगायचं तर श्रावणातला तो दिवस सांगावा लागला असता. मी म्हटलं, "मुलं रमतात."

"मुलं तमाशातही रमतात, बाई." मग ते म्हणाले, "आठवड्यातून दोन दिवस. जबाबदारी तुमची."

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही आंब्याखाली होतो. निम्मी मुलं वेगवेगळ्या आकारांची पानं आणायला वाडीत पसरली होती आणि मी उरलेल्यांचे पाढे ऐकत होते. कोणीतरी माझा पदर ओढला. बघितलं तर ती. मला आश्चर्य वाटलं, कारण माझ्याजवळ ती कधी येत नसे.

"थांब," मी म्हटलं. समोरच्या मुलाचे सतराचे अडखळले होते.

तिनं पुन्हा ओढला.

"थांब म्हटलं ना."

तिनं माझा हात धरला. तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मोठे झाले, आणि त्या उघड्या तोंडातून काही म्हणजे काही आलं नाही. क्षणभर मला रागच आला. मग माझी नजर तिच्या पायांवर गेली. गुडघ्यापर्यंत ओले होते आणि त्यांना शेवाळ चिकटलं होतं.

मी धावले. बावखलीच्या काठावर एक चप्पल होती. पाण्यात शेवाळ फाटून काळा गोल झाला होता आणि त्यात एक हात वर आला, गेला. बाबांची नात. मला पोहता येत नव्हतं. मी कमरेपर्यंत पाण्यात उतरले तोच पायाखालची माती गेली. मी ओरडले. रहाटाजवळून बाबा आले आणि धोतरासकट त्यांनी उडी मारली. मला आठवतं ते एवढंच, की त्यांनी नातीला केसांना धरून काठाला आणलं, पालथं घातलं, पाठ दाबली, आणि ती ओकली, खोकली आणि रडायला लागली. तिच्या रडण्याइतका चांगला आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

ती दुसरी, माझी, आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती. तोंड अजून उघडंच होतं. दोन्ही हात गळ्याशी होते, काहीतरी अडकलंय आणि ते ओढून काढायचंय असे. पाच महिने मी जिला हट्टी म्हणत होते, तिची मैत्रीण डोळ्यांसमोर बुडत असताना तिला ओरडता आलं नव्हतं. हट्ट एवढा नसतो. मी दोनदा 'थांब' म्हटलं त्याला किती वेळ लागला असेल, हा हिशेब मी पुढे कितीतरी वर्षं करत राहिले.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. वाडीकडची माणसं आली, खाडीकडची आली. मी खांबाजवळ उभी होते, अंगात ताप होता. बाबांचे पुतणे, म्हणजे नातीचे चुलते, तावातावानं बोलले. पोरं शिकायला पाठवतो की वाडीत हुंदडायला, असं विचारलं. ते रास्तच होतं. मग ते म्हणाले, "आणि ती खाडीकडची मुकी पोर! डोळ्यांनी बघत होती, एक हाक मारली नाही तिनं. असलं पोर आमच्या पोरांत बसवू नका. काय आहे तिच्या अंगात कोणाला ठाऊक."

माणसं कुजबुजली. तिची आई पायरीखाली उभी होती. मुलगी तिच्या मागे, आईच्या लुगड्यात तोंड घालून. आईनं मान वर केली नाही.

गुरुजी घसा खाकरून बोलायला उठले. ते काय बोलणार होते ते मला माहीत नाही. बहुधा मुलीला काही दिवस घरी ठेवा, असं. मी त्यांच्या आधी बोलले.

"ती मुकी नाही," मी म्हटलं. "ती पाण्यात गुडघाभर उतरली होती. मग माझ्याकडे धावत आली. मला ओढत होती, मीच तिला थांब म्हटलं. तिला आवाज फुटत नव्हता. तो माझ्यामुळे गेला."

मग मी सांगितलं. फळा, वीस वेळा, मुलांचं मोजणं, ओला कोबा, सगळं. साहेबांसमोर मी काय म्हणाले तेही. सांगताना मला वाटत होतं, आता लोक अंगावर येतील. तसं काही झालं नाही. कितीतरी माणसांना यात एवढं काय, असंच वाटलं असावं. त्यांच्या लहानपणी मास्तरांनी त्यांना वेताच्या छडीनं फोडून काढलेलं होतं.

एकाच माणसाला कळलं. तिची आई पायरी चढून वर आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"मी विचारला होता तुम्हाला," ती म्हणाली. "भारा दाराशी ठेवून विचारला होता. तुम्ही काय नाय म्हनलात."

"हो."

"भगतानं माझ्या पोरीला धुरी दिली. डोळे सुजले होते तिचे."

तिनं मुलीचा हात धरला आणि दोघी निघून गेल्या.

मग बाबा उठले. ते एवढंच म्हणाले, "बावखल माझी. कुंपण मी घालायला पाहिजे होतं. त्या पोरीच्या पायांचे ठसे मी काठावर बघितलेत. पाण्यात उतरलेले आणि परत धावलेले. तिच्याबद्दल कोणी वाकडं बोलू नका." पुतण्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पुतण्या खाली बसला.

बाहेरचे वर्ग बंद झाले. गुरुजी मला रागावले नाहीत, पण तट्ट्याच्या बाजूचं त्यांचं टेबल त्यांनी हलवलं आणि माझा वर्ग दिसेल असं ठेवलं. ती शाळेत आली नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. तिसरा आठवडा संपत आला. हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची ओळ लागली. बाबांची नात रोज सकाळी दाराकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

शेवटी एका दुपारी मी बांधावरून चालत पाड्यावर गेले. तिची आई अंगणात वाल सोलत बसली होती. मला बघून उठली नाही, बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले.

"तिला शाळेत पाठवा," मी म्हटलं. "मी दुसऱ्या वर्गाकडे बदलून जाते हवं तर."

आई काही बोलायच्या आत घरामागून आवाज आला. मोठा, खणखणीत, दटावणारा. शेळीला कोणीतरी झापत होतं, कुंपणात तोंड घालू नको, परवा काटा लागला तेव्हा कोणी काढला, विसरलीस काय. ऑगस्टनंतर तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी मान वळवली नाही. वळवली असती आणि तिनं बघितलं असतं तर तो तिथेच तुटला असता. मी वालाच्या टोपलीकडे बघत उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते मी पुसलंही नाही.

आई माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "त्या खोलीत ती नाय येनार. मी पाठवनार पन नाय."

"मग?"

"तुम्हाला बाहेरच शिकवायचा होता ना? इकडं आना पोरांना. इथं कोन बुडत नाय, ओहोटीला तर नायच. मी बघेन उभी राहून."

हे मला सुचलं नव्हतं. कधी सुचलंही नसतं.

गुरुजींनी हे ऐकून आधी सरळ नाही म्हटलं. मग दोन दिवसांनी स्वतःच विषय काढला. शनिवारी शाळा सकाळची असते. तेवढा शनिवार. ज्या आईबापांची तयारी असेल तीच मुलं. आणि दर खेपेला गावातली दोन मोठी माणसं बरोबर. "एका जरी पोराला खरचटलं ना बाई," ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं.

पहिल्या शनिवारी अकरा मुलं आली. बरोबर बाबा होते, काठी घेऊन, नातीचा हात न सोडता. बांधावर तिची आई उभी होती. मी दर मिनिटाला मुलं मोजत होते. अकरा, अकरा, अकरा. कोणी वाकलं तरी मी धावत जाई. ती आईला चिकटून होती. त्या दिवशी ती कोणाशीच बोलली नाही, कानातही नाही. दुसऱ्या शनिवारी ती नातीच्या कानाशी लागली आणि नात मोठ्यानं म्हणाली, "ती म्हणते, या भोकात चिंबोरी आहे, हात घालू नका." मुलं खेकड्याच्या भोकाभोवती जमली. "विचार तिला, कशावरून?" पुन्हा कान. "म्हणते, माती ताजी आहे बघा तोंडाशी."

असे दोन शनिवार गेले. मी मागे राहायला शिकले. प्रश्न मी विचारायचा नाही, मुलांनी विचारायचा. तिच्याकडे सरळ बघायचं नाही. तिनं काही दाखवलं तर आपण त्या वस्तूकडे बघायचं. हे मला कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं, चुकून चुकून कळत गेलं. मुलं वाढत गेली, अकराची पंचवीस झाली. तिची आई प्रत्येक वेळी असायची. माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

चौथ्या शनिवारी आम्ही बांधाच्या झडपेपाशी होतो. शेतातलं पाणी खाडीत सोडायला आणि खाडीचं अडवायला लाकडी फळीचं दार होतं. एका मुलानं विचारलं, "ही फळी काढली तर?" नात कान पुढे करून थांबली. पण ती खाली वाकली होती, फळीच्या फटीत बोट घालून. आणि ती बोलली. कोणाच्या कानात नाही, फळीकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू येईल असं.

"भरतीला काढली तर खारा पानी आत येतो. मग भात मरतो. दोन वर्स काय होत नाय."

"दोन वर्षं?" मुलानं विचारलं.

"आमचा झाला होता."

"मग काय खाल्लंत?"

"मावशीकडून आनला."

मुलं फळीला हात लावून बघायला लागली. कोणी हसलं नाही. ती बोलली याचंही कोणाला विशेष वाटलं नाही, फळी जास्त महत्त्वाची होती. मी दहा हातांवर उभी होते, तिथेच बांधाच्या उतारावर बसले. त्या वाक्यात फळ्याजवळचा तो शब्द होता, हे मला परत येताना वाटेत ध्यानात आलं.

ती फेब्रुवारीच्या शेवटी शाळेत यायला लागली. खोलीत तोंड मिटलेलंच असे, पण पोटात दुखणं थांबलं. खिडकीजवळ, नातीशेजारी तिला बसवलं. मुलांशी ती खेळताना बोलायची. मी तिथे गेले की गप्प व्हायची. मी लांबून जायला लागले.

एप्रिलात वार्षिक परीक्षा आली. तोंडी परीक्षेत एक अक्षर बोलली नाही तर नापास, आणि नापास झाली तर पाड्यावरची पोर पुन्हा शाळेत येत नाही, हे मला माहीत होतं. परीक्षा गुरुजी घेणार होते. तिची पाळी आली तेव्हा ती टेबलासमोर उभी राहिली आणि खांदे कानांपर्यंत चढले. गुरुजींनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मी तट्ट्याच्या कडेला उभी होते. वाटत होतं, जाऊन मध्ये पडावं. तेवढ्यात गुरुजींनी चष्मा काढला, पेन खिशाला लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही जरा पलीकडच्या खोलीत जा."

मी गेले. पहिली-दुसरीच्या खोलीतून मागचं भेंडीचं झाड दिसत होतं. थोड्या वेळानं गुरुजी त्या झाडाखाली आले. ती पाच-सहा पावलं मागे होती. गुरुजी धोतर सावरून जमिनीवर बसले, तिच्याकडे पाठ करून, आणि काडीनं मातीत काहीतरी काढायला लागले. तीस वर्षं खुर्चीत बसून शिकवलेला माणूस. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी खिडकीचा गज धरून उभी होते आणि माझ्यामागे पहिलीची मुलं गलका करत होती, त्यामुळे काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती उभीच होती. मग एक पाऊल पुढे आली. मग वाकून तिनं त्यांच्या हातातली काडी घेतली आणि त्यांनी काढलेलं पुसून दुसरं काढलं.

गुरुजी आत आले तेव्हा त्यांच्या धोतराला माती लागली होती. "आवाज बारीक आहे," ते म्हणाले, "पण आहे." आणि त्यांनी गुण लिहिले.

ती चौथीत गेली, तट्ट्यापलीकडे, गुरुजींकडे. माझ्याशी ती परीक्षेनंतरही बोलली नाही, त्या पावसाळ्यातही नाही. तिची आई मात्र नागपंचमीनंतर एकदा वाटेत थांबली आणि वालाची पुरचुंडी माझ्या हातात देऊन गेली. ती माफी होती असं मी समजत नाही. तिच्या घरी वाल जास्त झाले असतील. मी ते शिजवले आणि खाल्ले.

दिवाळीनंतर नव्या तिसरीचेही खाडीवरचे शनिवार सुरू झाले. अशाच एका सकाळी मी व्हरांड्यात वह्या तपासत होते. समोर सावली पडली. मला वाटलं, माझ्याच वर्गातलं कोणी असेल. वर न बघता मी विचारलं, "काय रे?"

"बाई, गुरुजी बोलावतात."

मी वर बघितलं तेव्हा ती वळली होती, वेण्या पाठीवर आपटत पळत होती. लाल पेन माझ्या हातात तसंच राहिलं आणि वहीच्या पानावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

गुरुजी खुर्चीत गुडघा चोळत बसले होते. "शनिवारी खाडीवर जाताना चौथीलाही घेऊन जा," ते म्हणाले. "मी मागून येतो, हळूहळू."